चौथ्या फ्लास्कचा आकडा

१

सोळा पूर्णांक चार.

धाकटीनं श्वास रोखून धरला होता. वजनकाटा इतका हळवा की समोरच्यानं सुस्कारा टाकला तरी शेवटचा आकडा डगमगायचा. तिनं काट्याचं काचेचं दार नीट लागलंय का ते पाहिलं, दहा मोजले आणि पुन्हा बघितलं. सोळा पूर्णांक चार. काट्याला तिची दया आली नव्हती.

पहिल्या फ्लास्कचा आकडा वीस पूर्णांक एक. दुसऱ्याचा वीस पूर्णांक दोन. तिसऱ्याचा पुन्हा वीस पूर्णांक एक. तीन भाऊ एका वळणाचे, आणि चौथा जणू दुसऱ्याच्या घरातून चुकून आलेला.

घरी दोघी जावांत ती लहान, म्हणून धाकटी. ते नाव तिच्या पाठोपाठ प्रयोगशाळेत कसं पोचलं ते कोण जाणे, पण आता सगळेच तिला धाकटी म्हणत. बाळंतपणाच्या रजेवरून परत येऊन तिला दोन महिने झाले होते आणि आल्या आल्या हे काम तिच्या गळ्यात पडलं होतं. काम सांगायला अगदी साधं. झाडाच्या पानांवर कीड बसली की गाठी येतात. त्या गाठींतून एक आम्ल निघतं. ते पाण्यात किती विरघळतं, ते मोजायचं. पाण्याला पेलेल त्याहून जास्त पूड फ्लास्कमध्ये टाकायची, फ्लास्क सदतीस अंशांच्या पाण्याच्या टाकीत बसवायचा आणि चोवीस तास ढवळत ठेवायचा. पाण्याचं पोट भरलं की उरलेली पूड तळाशी बसते. मग वरचं नितळ पाणी गाळून, मोजून बशीत घ्यायचं, आटवायचं, आणि बशीत मागे राहिलेलं आम्ल जोखायचं. लिटरमागे किती ग्रॅम, एवढाच प्रश्न.

पण त्या उत्तरावर लहान मुलांचं खोकल्याचं औषध ठरणार होतं. आकडा चुकून जास्त धरला, तर जादा आम्ल बाटलीच्या तळाशी साचणार, आणि शेवटचा चमचा ज्याच्या तोंडात जाईल त्याच्या पोटात सगळं एकदम उतरणार. धाकटीचं पिल्लू आठ महिन्यांचं होतं. ‘शेवटचा चमचा’ हे शब्द ऐकले की ती हातातलं वजन पुन्हा एकदा करून बघायची.

मोठ्या बाई, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, काट्याच्या खोलीच्या दारात केव्हा येऊन उभ्या राहिल्या ते तिला कळलंच नाही. त्यांनी वही हातात घेतली आणि बोट ठेवत पानं उलटली. सोमवार, चौथा कमी. मंगळवार, कमी. बुधवार, कमी. शुक्रवार, कमी. आणि कालच्या सोमवारी पुन्हा कमी. धाकटीनं घाईघाईनं सांगितलं की तिनं फ्लास्क बदलून पाहिले, पहिल्याची काच चौथ्या जागी ठेवली, तरी चौथी जागाच रुसून बसते. चौथ्या जागेत तापमापक बुडवला तर तिथेही सदतीसच.

“चौथा आकडा खोडायचा असेल तर कारण लागतं,” मोठ्या बाई म्हणाल्या. “उद्या मुख्य कचेरीतून तपासनीस येतायत. शुक्रवारपर्यंत कारण मिळालं नाही, तर तुला परत पॅकिंगला पाठवावं लागेल. माझा इलाज नाही.”

पॅकिंग म्हणजे खोके आणि चिकटपट्टी. तिथून इथवर यायला तिला सहा वर्षं लागली होती.

“आणि हे बघ,” बाईंनी एका ओळीवर नख टेकवलं. “गुरुवार. चारही वीस. गुरुवारी पिल्लूला ताप होता, तू घरी होतीस. तुझ्याऐवजी दशांशनं पाणी गाळलं. याचा अर्थ लोक काय काढतायत, ते मी तुला सांगायला नको.”

२

दशांश हा तिचा ज्येष्ठ सहकारी. खरं नाव पगारपत्रकावर असेल तेवढंच. तो चहाची वेळसुद्धा दहा वाजून अठ्ठावन्न मिनिटं अशी सांगायचा. हे काम आपल्याला मिळणार, असं तो धरून चालला होता, आणि ते धाकटीला मिळाल्यापासून तो तिच्याशी इतका अदबीनं वागत होता की तिला धडकी भरायची.

बुधवारी तपासनीस आले. उंच, पाठीत थोडे वाकलेले, आवाज इतका हळू की समोरच्याला आपोआप पुढे झुकावं लागे. त्यांनी वह्या चाळल्या नाहीत, कुणाला दम भरला नाही. दहाला धाकटी आदल्या दिवसाच्या बश्या जोखायला काट्याच्या खोलीत जाते आणि पावणेअकराला बाहेर येऊन फ्लास्कमधलं पाणी काढते, एवढं त्यांनी समजून घेतलं. आणि मग एकेकाला बोलावून प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला. सव्वादहाला तुमच्या हातात काय असतं?

कुठे होता, असं कुणीही विचारतं, आणि त्याचं उत्तर लोक घरून पाठ करून येतात. हातात काय होतं, या प्रश्नावर माणूस गडबडतो.

दशांश म्हणाला, पेन. शेजारच्या खोलीत, दुसऱ्या कामाच्या नोंदी. गुरुवारी मात्र त्याच्या हातात किल्ली होती. काट्याच्या खोलीत जाण्याआधी प्रयोगशाळेचं दार आतून किल्लीनं लावायचं असा नियम आहे, आणि आपण नियम पाळतो, असं त्यानं धाकटीकडे न बघता सांगितलं. धाकटीचा चेहरा उतरला. ती दार लावत नव्हती. मधल्या बोळाच्या टोकाला कर्मचाऱ्यांच्या मुलांचं पाळणाघर होतं, आणि दार उघडं असलं की पिल्लूचं रडणं कानावर यायचं. न रडल्याची शांतताही यायची. तिला दोन्ही लागायचं.

काचमावशी, म्हणजे काचेची भांडी धुणाऱ्या, आधी ब्रश म्हणाल्या. मग तपासनीस नुसते बघत राहिले तेव्हा म्हणाल्या, “एका हातात ब्रश. दुसऱ्यात चहा. आता काढा मला नोकरीवरून.” तपासनिसांनी काही काढलं नाही. उलट विचारलं, रोज काय पुसता? तेव्हा मावशींनी सहज सांगून टाकलं की टाकीशेजारच्या दगडी ओट्यावर रोज अकराच्या सुमाराला एक ओलं वर्तुळ असतं, एवढंसं, वाटीच्या बुडाएवढं. कोण सांडतं देव जाणे, पुसायला मी आहेच.

शेवटी पाळणाघर सांभाळणारी. ही धाकटीची थोरली जाऊ. पाच महिन्यांपूर्वी थोरल्या दिरांचं काम सुटलं आणि धाकटीनंच शब्द टाकून जाऊबाईंना इथे लावलं होतं. त्या गोष्टीचा उल्लेख घरात कधी होत नसे, आणि म्हणूनच ती सतत जाणवत असे. जाऊबाईंनी मान ताठ ठेवून उत्तर दिलं, एका हातात बाळ. कधी हिचं, कधी दुसऱ्याचं. बास.

जबाब संपले. तपासनीस टाकीपाशी गेले, चौथा फ्लास्क त्यांनी उचलला, उजेडात धरला आणि भिंग धाकटीच्या हातात दिलं.

“पूड कशी टाकतेस?”

“खलून. पिठासारखी.”

“मग हे काय?”

पाण्याच्या रेषेलगत काचेला बारीक, चमकणाऱ्या सुया चिकटल्या होत्या. कापसाच्या तंतूंसारख्या, पण ताठ. धाकटीनं भिंग आणखी जवळ नेलं. पिठातून आपोआप सुया होत नाहीत. पोट भरलेलं ऊबदार पाणी थंड झालं की त्याला पेललेलं आम्ल पेलवेनासं होतं, आणि ते असं सुया होऊन बाहेर पडतं. पुन्हा ऊब दिली तरी त्या सुया विरघळायला वेळ लागतो. तोवर वरचं पाणी गाळून घेतलं, तर आकडा कमीच येणार.

“म्हणजे हा फ्लास्क थंड झाला होता,” ती म्हणाली. “पण टाकी तर एकदाही सदतीसच्या खाली गेली नाही.”

“टाकी नाही गेली,” तपासनीस हळूच म्हणाले. “फ्लास्क गेला. रोज कुणीतरी याला टाकीतून बाहेर काढतंय, त्या दगडावर ठेवतंय, आणि तू यायच्या आत परत आत ठेवतंय.”

३

त्या दिवशी धाकटी घरी आली ती डोक्यात दशांशला घेऊनच. किल्ली त्याच्याकडे, ज्ञान त्याच्याकडे, पोटदुखी त्याच्याकडे. तो हजर असतो तेव्हा आकडा कमी, आणि त्यानं स्वतः पाणी गाळलं की बरोबर. सगळं कसं चपखल बसत होतं. बसत नव्हतं ते एवढंच की दशांशसारखा माणूस चौथाच फ्लास्क रोज कशाला काढेल? घात करायचा तर तो असा करेल की चारही आकडे थोडे थोडे हलतील आणि बापजन्मात कुणाला पत्ता लागणार नाही. हे काम हुशार माणसाचं नव्हतं. हे रोजचं काम होतं, केर काढल्यासारखं, ठरल्या वेळी, ठरल्या जागी. आणि चौथी जागा दाराच्या सगळ्यात जवळची.

पिल्लू भुकेलं होतं. तिनं सकाळी काढून ठेवलेलं दूध फ्रिजमधून घेतलं, गरम पाण्यात बाटली बुडवली, आणि मन थाऱ्यावर नसल्यामुळे लवकर बाहेर काढली. पिल्लूनं एक घोट घेतला, चेहरा कडू केला आणि बाटली हातानं अशी ढकलली की दूध तिच्या बाहीवर. हे त्याचं नेहमीचं. दूध जरा गार असलं की साहेबांना चालत नाही.

जाऊबाई समोरच कपड्यांच्या घड्या घालत होत्या. “दे इकडे,” म्हणाल्या. “तिकडे शेवटच्या थेंबापर्यंत पितो. तुझ्या हातांना घाई झालीय, ते त्याला कळतं.”

धाकटी उठून परत पाणी तापवायला गेली. शेगडी लावली आणि तिथेच थांबली.

तिकडे शेवटच्या थेंबापर्यंत पितो.

तिकडे, म्हणजे पाळणाघरात. तिथला पाणी तापवायचा हीटर गेल्या पंधरवड्यात मोठ्या बाईंनी काढून नेला होता. कुणाच्या तरी मुलाचा हात भाजता भाजता वाचला, म्हणून. तेव्हापासून तिथे फक्त फ्रिज होता आणि नळ. मग साडेदहाची बाटली पिल्लू शेवटच्या थेंबापर्यंत कशी पितं?

पाणी उकळू लागलं तरी तिचं लक्ष नव्हतं. हीटर गेला त्यानंतरच्या सोमवारपासून चौथा फ्लास्क बिघडला होता. गुरुवारी पिल्लू तापानं घरी होतं, आणि गुरुवारी चौथा फ्लास्क शहाण्यासारखा वागला होता. सगळ्यांनी त्यातून एवढंच वाचलं की गुरुवारी धाकटी नव्हती. गुरुवारी आणखी कोण नव्हतं, हे कुणी पाहिलंच नाही. तिनंसुद्धा नाही, आणि ती तर त्याची आई.

एका हातात बाळ, असं जाऊबाई म्हणाल्या होत्या.

दुसऱ्या हाताचं त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

४

रात्री तिला विचारायचा धीर झाला नाही. शेजारच्या खोलीत दीर होते, नवरा होता, आणि हे असं प्रकरण की दुसऱ्याच्या कानावर गेलं की त्याला चार पाय फुटणार. गुरुवारी सकाळी दोघी डबे भरत असताना ती म्हणाली, “ताई, पिल्लूचं दूध तुम्ही तिकडे कशावर गरम करता?”

जाऊबाईंचा हात थांबला नाही. डब्याचं झाकण त्यांनी नीट दाबून लावलं, आणि मगच त्या बोलल्या.

“तुमच्या त्या टाकीत.”

धाकटीनं ओट्याला हात टेकला.

“तूच सांगितलं होतंस,” जाऊबाई म्हणाल्या. “दूध अंगाइतकं ऊन हवं, सदतीस, वर नको की खाली नको. तुमच्या टाकीवर लाल अक्षरांत सदतीस लिहिलेलं असतं. पण चारही भोकांत तुमच्या बाटल्या. मग मी दाराजवळची काढायचे, बाजूला ठेवायचे, आपली बाटली आत. वीस मिनिटांनी ती परत जागच्या जागी. सांडली नाही, धक्का लावला नाही. शेगडीवरची आमटी उतरवून ठेवली आणि परत चढवली, तर आमटीचं काय जातं?”

आमटीचं काही जात नाही. म्हणूनच तर हे दशांशच्या हातून कधी झालं नसतं, तपासनिसांच्या हातून नसतं, तिच्याही हातून नसतं. हे फक्त अशाच बाईच्या हातून झालं असतं जिचा जन्म भांडी जागच्या जागी ठेवण्यात गेला.

“मला बोलवायचं होतंत.”

“बोलावणार होते. पहिल्याच दिवशी. तो रडून लाल झाला होता. दाराशी आले तर तू त्या काट्याच्या खोलीत पाठमोरी, श्वाससुद्धा न घेता बसलेली. म्हटलं, हाक मारली तर हिचा आकडा हलेल.” जाऊबाईंनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. “काय झालंय? काही मोडलं का माझ्या हातून?”

धाकटीनं सगळं सांगितलं. पॅकिंगचंही सांगितलं. जाऊबाई ऐकत राहिल्या आणि शेवटी डबा पिशवीत ठेवताना त्यांच्या बांगड्यांचा आवाज जरा जास्तच झाला.

५

तपासनीस म्हणाले, ऐकीव गोष्टीवर आकडा खोडता येत नाही. करून दाखवा.

सव्वादहाला टाकीभोवती सगळे जमले. मोठ्या बाई हाताची घडी घालून, काचमावशी भिंतीला टेकून, दशांश घड्याळ घेऊन. जाऊबाई दारातच उभ्या होत्या, पिल्लूला कडेवर घेऊन, आत पाऊल न टाकता. धाकटीनं चौथा फ्लास्क काढून दगडावर ठेवला. त्याच्या जागी नुसतं पाणी भरलेली, फ्रिजमधली बाटली.

पाच मिनिटं गेली. काही नाही. आठ मिनिटं. पाणी नितळ, तळाशी पूड, बाकी शांतता. धाकटी फ्लास्कजवळ वाकली. नाही झाल्या सुया तर? मग जाऊबाईंना चारचौघांत उघडं पाडलं आणि हाती काहीच नाही, असं होईल. तिनं दाराकडे बघायचं टाळलं. पिल्लू मात्र तिच्याकडे बघून खुशीत पाय झाडत होतं.

“अकरा मिनिटं, वीस सेकंद,” दशांश म्हणाला, आणि मग त्याचा आवाज बदलला. “अरे. ही बघ. इथे.”

काचेला एक सुई. मग तिच्या शेजारी दुसरी. मग बघता बघता पाण्याच्या रेषेवर चमचमता काठ. दशांश इतका खाली वाकला की त्याचं नाक ओट्याला लागलं. विसाव्या मिनिटाला धाकटीनं फ्लास्क परत टाकीत ठेवला. दगडावर एक ओलं वर्तुळ राहिलं होतं. काचमावशी फडकं घेऊन पुढे झाल्या आणि पुसता पुसता थांबल्या. “एवढे दिवस पुरावाच पुसत होते की मी.”

पावणेअकराला पाणी काढलं. शुक्रवारी बशी जोखली, दशांशनं, धाकटीचा हात मध्ये नको म्हणून. सोळा पूर्णांक पाच. बाकीचे तीन वीस. त्यानं आकडा वहीत लिहिला आणि वही तिच्यासमोर ठेवताना म्हणाला की गुरुवारची गोष्ट आपण ज्या सुरात सांगितली, तो सूर बरोबर नव्हता. दशांशच्या तोंडून हे म्हणजे पुष्कळ झालं.

तपासनिसांनी छापील कागद पुढे सरकवला. चौथा आकडा रद्द करण्याचं कारण, अशी एक रिकामी चौकट, आणि खाली जबाबदार व्यक्ती. मोठ्या बाई खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या की फ्लास्क अनवधानानं हलवला गेला, एवढं लिहिलं तरी चालण्यासारखं आहे.  तपासनीस धाकटीच्या हातांकडे बघत होते.

एवढंच लिहिलं तर अनवधान तिचं ठरत होतं. ती एक आळ घेऊन सुटली असती, आणि जाऊबाईंचं नाव कुठेच आलं नसतं. पण मग पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या बाळासाठी, दुसरा फ्लास्क दगडावर ठेवला असता. औषधाचा आकडा अर्धवट खऱ्यावर उभा राहिला असता. तिला शेवटचा चमचा आठवला नाही, दिसला. तिनं लिहिलं. प्रयोगशाळेचं दार नियमाप्रमाणे बंद करायचं ते मी उघडं ठेवलं, कारण मला बाळाचा आवाज ऐकू यायला हवा होता. पाळणाघरातला हीटर काढल्यामुळे तिथल्या सेविकेनं, जी माझी जाऊ आहे, दूध गरम करण्यासाठी फ्लास्क बाहेर काढला. असं केल्यानं काय होतं, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. खाली दोन नावं.

मोठ्या बाईंनी ते दोनदा वाचलं. ‘हीटर काढल्यामुळे’ या शब्दांवर त्यांची नजर जरा अडखळली. मग त्यांनी दोघींनाही लेखी समज दिली, पुन्हा घडल्यास गय नाही, अशी. तीन फ्लास्कचे आकडे मान्य झाले, लिटरमागे वीस ग्रॅमच्या जरा वर, सदतीस अंशांवर. काम धाकटीकडेच राहिलं. पाळणाघरात हीटर परत येणार होता, मुलांचा हात पोचणार नाही इतक्या उंचावर.

संध्याकाळी दोघी घरी निघाल्या. पिल्लू जाऊबाईंच्या खांद्यावर झोपलं होतं. रस्ता ओलांडला, कोपरा वळला, तरी जाऊबाई बोलेनात. धाकटी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती आणि खोडत होती. माफी मागावी तर खोटी वाटेल, समजावावं तर आगाऊपणा.

“माझं नाव लिहिलंस?” जाऊबाईंनी शेवटी विचारलं.

“लिहिलं.”

“सगळं? दुधाचं, बाटलीचं?”

“सगळं.”

 जाऊबाईंनी पिल्लूला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि मोकळा झालेला हात धाकटीच्या जड पिशवीला घातला.

“बरं केलंस,” त्या म्हणाल्या. “झाकलं असतंस तर जन्मभर तुझी मिंधी राहिले असते. आणि ते मला जमलं नसतं.”